बारावा गोटा

आमच्या सरांनी मला कॅन्सरच्या संशोधनासाठी निवडलं तेव्हा माझ्या मांडीवर तूरडाळीचं ताट होतं. हे मी मुंबईत कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत बापडे. आयुष्यात कधी डाळ निवडली नसेल त्यांनी, त्यांना काय कळणार?

अमरावतीला विद्यापीठाच्या आमच्या विभागात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच प्रत्येकाला कुणातरी सरांकडे प्रकल्प करावा लागे. कॅन्सरच्या पेशी वाढवणारे सर एकच. त्यांच्याकडे जायला सगळे टपलेले, आणि सर दरवर्षी घेणार चार-पाच जणांना. बाकीचे सर गुण बघत. आमच्या सरांनी गुणपत्रिकेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी आम्हा नऊ जणांना विभागाच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसवलं आणि पिशवीतून नऊ स्टीलची ताटं काढली. त्यांचं घर अकोल्याला, आणि अकोला म्हणजे डाळमिलचं गाव. एका मिलमधून ते न निवडलेली डाळ मुद्दाम मागून आणत.

"परतेक ताटात बारा गोटे हायेत," सर म्हणाले. "अर्ध्या तासात काढून द्या. मी चाय सांगून येतो."

एका मुलानं भीत भीत विचारलं, "सर, याचा कॅन्सरशी काय संबंध?"

"काई नाई. मले रात्री वरण खायचं आहे."

मी दर्यापूरची. आमचं माळ्याचं घर. बाबा भाजीपाला पिकवतात, आई बाजारात बसते. वांगी, मिरच्या, डाळ, गहू, जे समोर येईल ते निवडण्यातच माझं बालपण गेलेलं. डाळ निवडण्यात मला कुणी हरवलं तर मी नाव बदलीन, अशा तोऱ्यात मी ताट ओढलं. पंधरा मिनिटांत अकरा खडे बाहेर. बारावा काही सापडेना. ताट हलवलं, पाखडलं, दाणा न् दाणा सरकवून पाहिला. अकरा. पुन्हा पाहिलं. अकराच. तोवर डावीकडून "झालं!", उजवीकडून "झालं!" माळ्याच्या पोरीला डाळ निवडता येत नाही म्हणजे काय!

मग मी हात धुवायच्या निमित्तानं उठले. विभागाच्या मागं नवीन इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथून एक बारीकशी गिट्टी उचलली, ओढणीच्या टोकात धरून आणली आणि अकरा खड्यांशेजारी ठेवून दिली. झाले बारा.

सर आले. एकेका ताटासमोर उकिडवे बसले. माझ्या ताटाशी जरा जास्तच बसले. मिलमधले खडे पिवळट-पांढरे, आणि माझी गिट्टी काळी कुळकुळीत. सर हिंदीत म्हणाले, "दाल में कुछ काला है." मला वाटलं विनोद केला. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

चहा आला. सगळे बशीत ओतून भुरके मारायला लागले. मला मात्र घोट गिळवेना. कप हातात धरून बसले, चहावर साय धरली, शेवटी तो मी कुंडीत ओतायला निघाले तर सर म्हणाले, "राहू दे तथीच." त्यांनी माझ्या कपात डोकावून पाहिलं आणि एका लांबड्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाच नावं लागली. पहिलं माझं. सरांना डोळ्यांनी कमी दिसतं, असा मी त्या दिवशी निष्कर्ष काढला आणि दोन वर्षं तोच धरून बसले. माणसानं किती मूर्ख असावं!

सर दिसायला संशोधक वाटायचेच नाहीत. काडीसारखे बारीक, पायात चपला, उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा आणि त्यावर पांढरा कोट. कोटाच्या डाव्या खिशात वेळ मोजायचं घड्याळ आणि उजव्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण सरांचा कांदा बारमाही. एकदा तपासणीला बाहेरगावचे साहेब आले. त्यांनी विचारलं, "प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ चालतात का?" सर म्हणाले, "खाद्यपदार्थ नाई साहेब, सुरक्षा साधन आहे." साहेबांनी अहवालात तसंच लिहून नेलं.

रोज सकाळी सरांनी अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं विभागात, आणि संध्याकाळी उलट. "पेशीले शनवार-रविवार मालूम नसते," म्हणून सुटीच्या दिवशीही येणं चुकायचं नाही. पेशींना सदतीस अंशांची ऊब लागते आणि ती देणारं यंत्र विजेवर चालतं. मे महिन्यात एकदा वीज गेली ती गेलीच. वायरमन म्हणाला, उद्याशिवाय येत नाही. सरांच्या अकोल्याच्या घरी इन्व्हर्टर होता. त्यांनी पेशींची चपटी बाटली घेतली, बनियनच्या आतल्या खिशात छातीशी धरली आणि एस.टी.त चढले. मी दुसरी बाटली घेऊन शेजारी. बाटलीत गुलाबी पाणी. कंडक्टरला संशय आला.

"हे काय आहे मास्तर?"

"लेकरं हायेत," सर म्हणाले.

"कायचे लेकरं?"

"दीड लाख असतीन. पाच वर्षांच्या खालचे सगळे. तिकीट लागत नाई न?"

कंडक्टरनं बराच वेळ सरांच्या दुपट्ट्याकडे पाहिलं आणि ऊन लागलेल्या माणसाशी बोलतात तसं हळूच म्हणाला, "नाई लागत काका. बसा तुमी." बाहेर पंचेचाळीसच्या वर ऊन होतं. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "छातीशी घट धर. सदतीस म्हंजे पेशीसाठी ऊब, आपल्यासाठी हिवाळा." दोन्ही बाटल्या अकोल्याला सुखरूप पोचल्या. काकूंनी आधी बाटल्या आत ठेवल्या, मग आम्हाला पाणी विचारलं. त्या घरात हाच क्रम होता.

आता हा पेशी शब्द. आमच्या वऱ्हाडात पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. दुसरा अर्थ कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. आणि मी घरी फोनवर सांगायची, "आई, आज येत नाही, उद्या सकाळी पेशी आहे." पेशी सोमवारी, पेशी गुरुवारी, पेशी दिवाळीच्या आदल्या दिवशी. आईच्या शेजारी मेथी विकणाऱ्या मावशींनी हे ऐकलं आणि बाजारात बातमी झाली की माळ्याच्या पोरीवर अमरावतीला केस चालू आहे. दुसऱ्या बाजूनं कुणी सांगितलं, केस नाही, कॅन्सर आहे, त्यासाठीच जाते ती. शेवटी दोन्ही जोडून गावानं ठरवलं की पोरीला कॅन्सर आहे आणि तिनं डॉक्टरवर केस टाकली आहे. अचलपूरचं एक स्थळ येऊ घातलं होतं, ते आलंच नाही. आई रडली. मी सरांना सांगितलं.

"चांगलं झालं," सर म्हणाले. "दीड वर्ष अभ्यास होईन. तुया मायले म्हण, पेढे वाट."

पण हसतखेळत चाललेल्या या सगळ्यात एक गोष्ट अशी होती की तिथं सरांची चेष्टा चालायची नाही. वही. प्रत्येकाच्या दोन वह्या. पक्की वही इंग्रजीत, आकृत्या, तक्ते, शाईचं पेन. आणि कच्ची वही, जी सूक्ष्मदर्शकाशेजारी उघडी राहायची. तिच्यात आपल्या घरच्या बोलीत लिहायचं. "इंग्रजीत लिवता लिवता पोट्टे सजवते," ते म्हणत. "जे ज्या भाषेत दिसलं ते त्या भाषेत लिहा. दिसलं ते लिव्ह, वाटलं ते खिशात ठेव." आणि रोज संध्याकाळी गाडीला निघण्याआधी ते प्रत्येकाची कच्ची वही वाचत आणि पानाखाली एक शब्द लिहून सही करत : 'पाह्यलं.' पाहिलं नव्हे, पाह्यलं. ज्या दिवशी घाईत असत त्या दिवशीच्या सह्या दुसऱ्या दिवशी होत. पण होत.

माझा विषय होता धारणीकडच्या जंगलातल्या एका झाडाची साल. तिथले लोक ती गाठीवर उगाळून लावतात. तिचा अर्क कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा आणि किती मरतात ते मोजायचं. पहिल्यांदा पेशींच्या चपट्या काचेच्या डबीत अर्क टाकला आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या पेशी मेल्या, तेव्हा मी अक्षरशः नाचत सरांकडे गेले. मला वाटलं, लागला शोध.

"डबीतल्या पेशी रॉकेलनंही मरतात," सर कांदा सोलत म्हणाले. "माणूस वाचला पायजे न बाप्पा! जाय, आता चांगल्या पेशीवर टाकून पाह्य. त्याही मेल्या त तुया सालीले अन् रॉकेलले एकच भाव."

चांगल्या पेशी कमी मेल्या. तेव्हा कुठे सरांनी कांदा खाली ठेवला. "तीन तीन डब्या कर," म्हणाले. "एकीनं सांगितलं त अफवा, दोघींनी सांगितलं त कुजबुज, तिघींनी सांगितलं त ऐकू."

इथंच मी माती खाल्ली.

तीन डब्यांचा शेवटचा प्रयोग होता. त्या दिवशी संध्याकाळी दर्यापूरला माझ्या मामेबहिणीची हळद, आणि जीप सुटायला तासभर उरलेला. सर एका परीक्षेच्या कामाला बाहेर गेलेले. पहिली डबी मोजली, दुसरी मोजली, आकडे अगदी बहिणी-बहिणी शोभतील असे. तिसरी उघडली तर तिच्यात बुरशी. पांढरी, कापसासारखी. मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नियम सोपा : 'बुरशी. मोजलं नाही' असं लिहायचं आणि सगळा प्रयोग पुन्हा लावायचा. म्हणजे अजून तीन आठवडे. मी वहीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि दोन आकड्यांच्या मधला एक आकडा तिसऱ्या रकान्यात लिहून टाकला. डबी धुऊन टाकली. हळदीला वेळेवर पोचले. खूप नाचले. रात्री जेवण काही गेलं नाही, ते मी उन्हावर ढकललं.

पुढच्या आठवड्यात सरांनी साचलेल्या पानांवर सह्या केल्या. मी वही घेतली आणि कपाटात टाकली. बघायची माझी छातीच झाली नाही.

मग मुंबईच्या एका मोठ्या कॅन्सर संशोधन संस्थेत पीएच.डी.च्या मुलाखतीचं पत्र आलं. आमच्या विभागातून तिथं आजवर कुणी गेलेलं नव्हतं. आईबाबांनी देव पाण्यात घालून ठेवले. गावाच्या मते मी केस जिंकत आले होते. आणि मला ती जागा हवी होती, हो, मनापासून हवी होती. दोन वर्षं त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्यावर दुसरं काही करावंसंच वाटेना. ही जागा हुकली तर पुन्हा बाजारात वांग्याशेजारी बसायचं आणि नवं स्थळ यायची वाट बघायची, हे मला दिसत होतं.

निघायच्या दिवशी सरांनी माझी पिशवी तपासली. पक्की वही होती. कच्ची नव्हती.

"कच्ची कोठी आहे?"

"सर, ती कशाला? सगळी वऱ्हाडीत आहे. डागही पडलेत. हसतील ना ते."

"हसतीन त हसतीन," म्हणून त्यांनी स्वतः कपाटातून काढली आणि पिशवीत कोंबली. "पक्की वही म्हंजे लग्नातला फोटो. माणूस कसा आहे ते कच्च्या वहीत दिसते."

मुलाखतीला समोर तिघं. अध्यक्ष म्हणजे सुती साडीतल्या, पिकल्या केसांच्या एक बाई. त्यांच्या डावीकडे एक तरुण डॉक्टर, जे फक्त मान हलवत. उजवीकडे पुण्याचे एक गृहस्थ, इस्त्रीची घडी न मोडलेले. त्यांनी पक्की वही बाजूला सारली आणि नेमकी कच्ची मागितली. चाळता चाळता त्यांच्या कपाळावर आठ्या चढायला लागल्या.

"हे काय लिहिलंय तुम्ही? 'सकाळी अकरा : पेशी मरून राहिल्या.' बरं. 'दुपारी तीन : पेशी अजून मरून राहिल्या.' ठीक. 'संध्याकाळी सहा : मेल्या.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अकरापासून ज्या मरून राहिल्या आहेत त्या सहाला पुन्हा मेल्या कशा? निरीक्षणं नंतर बसून लिहिली आहेत का?"

माझं डोकंच सणकलं. दोन वर्षांत त्या वहीतलं एकच पान खोटं होतं, आणि हे गृहस्थ भलत्याच पानावर मला पकडायला निघाले होते.

"सर, मरून राहिल्या म्हणजे मेल्या नाहीत. मरून राहिल्या!"

"तेच म्हणतोय मी. मरून राहिल्या."

"नाही हो सर! आता मी बोलून राहिली, तुम्ही ऐकून राहिले, तशा त्या मरून राहिल्या!"

"मी ऐकून कुठंही राहिलेलो नाही," ते म्हणाले.

अध्यक्षबाईंनी तोंडाला पदर लावला. मी शेवटी इंग्रजीचा आधार घेतला. "डाइंग, सर. डेड नाही. निळा रंग टाकला की मेलेली पेशी निळी होते. मरणारी होत नाही. सकाळपासून त्या आक्रसत होत्या पण निळ्या झाल्या नव्हत्या. सहाला निळ्या झाल्या, तेव्हा लिहिलं मेल्या. आमच्याकडे दोन्हींना वेगळे शब्द आहेत, मी काय करू?"

खोलीत हशा पिकला. पुण्याचे गृहस्थही हसले, आणि मानलं पाहिजे त्यांना, म्हणाले, "म्हणजे मीच मरून राहिलो." वातावरण एकदम बदललं. बाईंनी कौतुकानं वही ओढून घेतली. "मरणं आणि मेलेलं यातला फरक इतक्या बारकाईनं टिपलेला मी कुठल्या विद्यार्थ्याच्या वहीत पाहिला नाही," त्या म्हणाल्या, आणि पानं उलटत उलटत शेवटच्या प्रयोगाशी थांबल्या. "आणि हे बघा. तिन्ही डब्यांचे आकडे किती जवळजवळ! फारच स्वच्छ काम आहे. सुंदर."

तिघांनी माना हलवल्या. जागा माझ्या हातात आली होती. फक्त 'थँक यू मॅडम' म्हणायचं आणि उठायचं, बस.

टेबलावर चहाचे कप आले होते. माझ्यापुढेही एक ठेवलेला. वाफ येत होती. मी कप उचलला, तोंडाशी नेला, आणि घोट काही आत जाईना. त्याच क्षणी मला तो व्हरांडा आठवला, ती साय आठवली, आणि ते 'दाल में कुछ काला है.' अगं माय! सरांना पहिल्याच दिवशी माहीत होतं. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"मॅडम," मी म्हणाले, "तिसरी डबी मी मोजली नाही."

तरुण डॉक्टरांची हलती मान थांबली.

"तिच्यात बुरशी आली होती. मला घरी हळदीला जायचं होतं. आकडा मी मनानं लिहिला. बाकी सगळी वही खरी आहे. हे पान नाही."

पुण्याचे गृहस्थ सरळ होऊन बसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ते पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं, मग परत तेच. "प्रत्येक पानाखाली काहीतरी लिहून सही आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "पाह्यलं. या पानावर नाही."

मी वाकून पाहिलं. खरंच नव्हतं. अख्ख्या वहीत तेवढं एक पान कोरं ठेवलं होतं त्यांनी, आणि वही स्वतःच्या हातानं पिशवीत कोंबली होती. अस्सा राग आला मला सरांचा, सांगता सोय नाही.

"बाहेर बसा," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं शिपाई येऊन सांगून गेला, आठ दिवसांत कळवू.

परतीचं तिकीट बडनेऱ्याचं होतं. पण गाडी आधी अकोल्याला थांबते, आणि मी सकाळी तिथंच उतरले ते भांडायचं ठरवूनच. सर अंगणात कांदे वाळत घालत होते.

"तुम्हाला माहीत होतं!"

"हौ. तीन डब्यायतली एकच धुतली होती तू."

"मग तेव्हाच का नाही बोलले? कान धरून पुन्हा प्रयोग लावायला लावला असता!"

"मी कान धरला असता त माया धाकानं खरी झाली असती तू. तथी मुंबईत कोण धरणार होतं?" त्यांनी हात झटकले. "मंग? काय सांगितलं त्यायले?"

"खरं सांगितलं. जागा गेली समजा." आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू मला आलंच. मुंबईपासून अकोल्यापर्यंत आलं नव्हतं, ते त्या कांद्यांपाशी आलं. सर आत जाऊन एक पत्र्याची पेटी घेऊन आले. तिच्यात पेशी गोठवायच्या छोट्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या, ओळीनं. प्रत्येकीवर चिठ्ठी, नाव, आणि आत एकेक खडा. विटेचा तुकडा होता. फरशीची कपची होती. एका महाभागानं सापडलेल्या एका खड्याचेच दातानं दोन केले होते, ते दोन्ही अर्धे ठेवलेले. सगळ्यांत शेवटी माझं नाव आणि आत काळी गिट्टी.

"ताटात गोटे अकराच असते," सर म्हणाले. "दरवर्षी अकराच. अन् दरवर्षी सगळे बारा आणून देते."

"सगळे? अकरा कुणीच नाही सांगितले?"

"एकानं सांगितले. तुयाच बॅचचा होता. मस्त चाय पेला, बिस्कुट खाल्लं, अन् गेला. आता बँकेत आहे."

"पण तोच तर प्रामाणिक होता! त्याला का नाही घेतलं?"

"मी म्हटलं त्याले, ये. तो म्हणे, ज्या गुरुजीले बारा अन् अकरा समजत नाई त्यायच्याकडे काय शिकू?" सरांना अजूनही त्याचं हसू येत होतं. "बाकी राहिले तुमी आठ चोर. त्याच्यातून निवडा लागते न. तिघायनं गोटा बी टाकला अन् चाय बी पेली. पाच जणायच्या गळ्याखाली चाय गेली नाई. ते पाच घेतले. खोटं सगळेच बोलते वं. पोटात दुखलं पायजे."

त्यांनी ते लांबडं रजिस्टर उघडलं. माझ्या नावापुढं लिहिलं होतं : 'गोटे १२ (एक काळा). चाय टाकली.'

काकूंनी चहा आणला. मी तो बशीत न ओतता तसाच घटाघट प्याले. जीभ पोळली. सरांनी रिकाम्या कपात डोकावून पाहिलं, 'टाकली' वर रेघ मारली आणि वर लिहिलं 'पेली'. मग हात पुढं केला. "वही दे."

गाडीत मी तो तिसरा आकडा एका रेघेनं खोडून बाजूला लिहिलं होतं : 'डबीत बुरशी होती. मी मोजलं नाई.' सरांनी ते दोनदा वाचलं. कांद्याच्या हातानंच पेन धरलं आणि पानाखाली लिहिलं : 'पाह्यलं.'

आठव्या दिवशी कळवलं, जागा दिली आहे. मात्र पहिले तीन महिने फक्त तो प्रयोग पुन्हा करायचा, तीन डब्यांचा. मी सरांना फोन केला. आनंद झाला असावा, कारण बराच वेळ पलीकडून नुसतं नाक शिंकरल्याचा आवाज येत होता.

"मुंबईत डाळ निवडलेलीच भेटते म्हणतात," शेवटी ते म्हणाले. "अथून पाच किलो घेऊन जाय."

तिसरा आकडा पुढं निघाला तो मी मनानं लिहिलेल्याच्या जवळपासही नव्हता. आता या संस्थेत दर जूनला नवीन मुलं येतात, आणि त्यांतली एक-दोन माझ्या हाताखाली द्यायची की नाही हे मी ठरवते. अकोल्याहून डाळ येते. मी ताटात अकरा खडे टाकते, मुलांना बारा सांगते, आणि चहा मात्र स्वतः करायला जाते.